तोटी जाम का होते आणि ती नेमकी कुठून सोडवायची

घरातली तोटी घट्ट फिरायला लागली की पहिला उपाय ठरलेला असतो: ज्याच्या मनगटात जोर, त्याला हाक मारायची. तो उघडून देतो. मग बंद करताना थेंब राहू नये म्हणून तोच ती थोडी जास्त आवळतो, आणि दुसऱ्या दिवशी तोटी कालच्यापेक्षा घट्ट. असं काही महिने चाललं की एक दिवस मूठ हातात येते, स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) आत राहतं आणि पाणी चालूच. तोट्या जुन्या होऊन कमी मरतात, आवळून जास्त मरतात.

काम तसं अवघड नाही. अवघड आहे ते जाम कुठे झालंय हे ओळखणं, आणि नेमकी तीच पायरी लोक गाळतात. साध्या पितळी तोटीत अडायच्या जागा चारच: मूठ, ग्लँड (स्पिंडलच्या कडेनं येणारं पाणी अडवणारा भाग), स्पिंडलचे आटे आणि सगळ्यात खाली वायसर, म्हणजे पाणी थांबवणारी रबरी चकती. वरून खाली एकेक जागा तपासत जायचं. जिथे अडलंय तिथेच थांबायचं, त्याच्या खालचं उगाच खोलायचं नाही.

आधी तोटीची जात बघा. बंद स्थितीतून पूर्ण उघडायला एकाहून जास्त वेढे लागत असतील तर ती जुन्या पद्धतीची स्पिंडल-वायसरची तोटी. पाव वेढ्यातच पूर्ण उघडत असेल तर आत सिरॅमिक डिस्क आहे. एकच दांडी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरत असेल तर आत कार्ट्रिज, म्हणजे अख्खा बदलायचा बंद डबीसारखा भाग. पांढरी किंवा रंगीत प्लास्टिकची असेल तर ती पीटीएमटी नावाच्या कठीण प्लास्टिकची, आणि तिच्याशी वागण्याची रीत वेगळी आहे. या चारही जाती एकाच घरात सापडतात: अंगणात पितळी, स्वयंपाकघरात पाव वेढ्याची, बाथरूममध्ये मिक्सर आणि गच्चीवर प्लास्टिकची.

हाताला काय जाणवतं त्यावरूनही बरंच कळतं. पहिला झटका घट्ट आणि पुढे सैल फिरत असेल तर वायसर सीटला, म्हणजे ते जिथे टेकतं त्या कडेला, चिकटलंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच घट्ट असेल तर ग्लँड नाही तर आटे. दर वेढ्यात एकाच जागी अडत असेल तर स्पिंडल वाकलंय किंवा तिथे क्षाराची गुठळी आहे. फिरवताना चरचर आवाज आला तर सिरॅमिक डिस्कमध्ये रेती. ओरडली, म्हणजे दाराच्या बिजागरीसारखी कर्कश वाजली, तर ओ-रिंग, म्हणजे स्पिंडलवरची रबरी कडी, कोरडी पडलीय. आणि फक्त गिझरकडची तोटी घट्ट, गार पाण्याची ठीक, असं असेल तर कारण शोधायला दूर जायला नको. पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट फुटतात आणि चुन्याचा थर बसतो, त्यामुळे क्षार गरम बाजूला आधी धरतात.

क्षाराचा विषय नागपुरात घराघराप्रमाणे बदलतो. महापालिकेचं पाणी पेंच जलाशयाचं, गोरेवाड्याचं आणि कन्हान नदीचं, म्हणजे भूपृष्ठावरचं. ते बोअरच्या मानानं हलकं. बेसा, हुडकेश्वरसारख्या बाहेरच्या लेआउटमध्ये बरीच घरं बोअरवर चालतात आणि तिथे तोटीच्या टोकाला पांढरी दाढी येते. कित्येक घरी दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. आपल्याकडे काय आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणी उकळायच्या पातेल्याच्या तळाशी आठवडाभरात पांढरा खरखरीत थर बसत असेल तर तोट्यांच्या आतही तेच चाललंय. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्षारांच्या जोडीला बारीक माती आणि रेती, आणि ती सिरॅमिकच्या तोटीला क्षारापेक्षा वाईट.

आता पाणी बंद करणं. बेसिन आणि सिंकखाली भिंतीजवळ अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच तोटीचं पाणी तोडणारा छोटा कॉक असतो, तो बंद करून बघा. भिंतीतल्या तोटीला बहुधा वेगळा कॉक नसतो, मग गच्चीवर टाकीखालचा व्हॉल्व. तो बंद केल्यावर घरातली सगळ्यात खालची तोटी उघडून लाइन रिकामी होऊ द्या, नाहीतर तोटीचं डोकं, म्हणजे स्पिंडल धरणारा वरचा भाग, सुटताच पाइपात उरलेलं पाणी अंगावर येतं. टाकीवर न जोडलेली, थेट नळाच्या लाइनवरची अंगणातली तोटी असेल तर मीटरनंतरचा स्टॉप कॉक बंद करा. तोही जाम असेल आणि तुमच्याकडे ठराविक वेळीच नळ येत असतील तर नळ गेल्यावर काम काढा. मीटर आणि त्याच्या आधीचं, रस्त्याकडच्या बाजूचं काही हलवायचं नाही.

अँगल कॉक स्वतःच जाम असणं ही नेहमीची कटकट. वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावलेला नसतो. तो पकडीनं फिरवू नका. त्याची मूठ पातळ असते आणि आतलं स्पिंडलही फार जाड नसतं. बंद करायच्या दिशेला थोडं, उघडायच्या दिशेला थोडं, असं हातानंच हलवत राहा. दर खेपेला थोडा जास्त हलतो. नाहीच हलला तर त्याला सोडा, टाकीवरूनच पाणी बंद करा आणि त्याच दिवशी अँगल कॉकही बदलून टाका. तोटी दुरुस्त करून जाम अँगल कॉक तसाच ठेवणं म्हणजे पुढच्या खेपेची अडचण आजच पेरून ठेवणं.

हत्यारं फार लागत नाहीत: एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, ८ किंवा १० इंची स्क्रू पाना, एक छोटा पाना, अ‍ॅलन कीचा संच, जुना टूथब्रश, दोन फडकी. पाइप पाना घरी असला तरी बाजूला ठेवा. त्याचे दात क्रोमच्या मुलाम्यावर असे उमटतात की तोटी चालली तरी रोज डोळ्यात खुपते. सिंकच्या भोकात फडकं कोंबा. छोटा स्क्रू पाइपात गेला की निम्मा दिवस त्यातच.

मुठीच्या वर किंवा पुढे प्लास्टिकची टोपी असते, बहुधा लाल-निळी खूण असलेली. चपट्या पेचकसाचं टोक कडेला घालून ती उचला. खाली स्क्रू दिसेल. पाव वेढ्याच्या दांडीत स्क्रू कधी मागच्या बाजूला असतो, तो अ‍ॅलन कीनं निघतो. स्क्रू काढून मूठ सरळ बाहेर ओढा. निघत नसेल तर हातोडी नको. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं मुठीभोवती ५ मिनिटं गुंडाळून ठेवा, मग मूठ आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी हलवत ओढा. क्षार फार असेल तर लिंबूसत्वाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी, प्रमाण पुढे दिलंय, थेंब थेंब स्क्रूच्या भोकातून सोडा आणि अर्धा तास थांबा. पेचकस मुठीखाली घालून उचकटायला गेलात तर मूठ तरी फुटते नाहीतर तोटीच्या डोक्याचा मुलामा उडतो.

मूठ निघाली की थांबा. सगळं निदान इथे आहे. उघड्या स्पिंडलवर छोटा पाना हलकेच लावा, म्हणजे दात्यांवर नाही, चपटी जागा असेल तिथे. चपटी जागा नसेल तर मूठ स्क्रू न लावता नुसती बसवा आणि फिरवा. स्पिंडल सहज फिरलं तर दोष मुठीतच: ती खाली सरकून तोटीच्या कॉलरवर घासत होती, किंवा कॉलर आणि मुठीच्या मध्ये क्षार साचला होता. मूठ आतून घासून धुवा, कॉलर पुसा, आणि बसवताना स्क्रू इतकाच आवळा की मुठीखाली कागद सरकेल एवढी फट राहील. झालं काम. पाणी बंद करायचीही गरज नव्हती खरं तर, पण ते आधी कळत नाही.

स्पिंडल घट्टच असेल तर पुढची जागा ग्लँड. स्पिंडल ज्या नटातून बाहेर येतं तो ग्लँड नट. स्पिंडलच्या कडेनं पाणी वर येऊ नये म्हणून त्याखाली दोरा किंवा ओ-रिंग दाबून बसवलेली असते. वरून पाणी झिरपलं की लोक हा नट आवळतात, पुन्हा झिरपलं की पुन्हा आवळतात, शेवटी स्पिंडलचा गळाच धरला जातो. नट पाव वेढा सैल करा आणि स्पिंडल फिरवून बघा. फिरलं? मग दोष इथेच, खाली जायचं कारण नाही. पण नट असाच सैल ठेवला तर पाणी वर येणार, म्हणून आतला दोरा बदलावा लागतो. नट पूर्ण काढा, जुना कडक झालेला दोरा सुईनं किंवा बारीक पेचकसानं उकरून काढा. स्पिंडलवर ओरखडा येऊ देऊ नका, तोच ओरखडा पुढे नवा दोरा कापतो. बाजारात ग्लँडची दोरी मिळते. ती नसेल तर १२ मिमीची टेफ्लॉन टेप ३०-४० सेंटिमीटर घेऊन बोटांत पिळून दोऱ्यासारखी करा आणि नट ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं स्पिंडलभोवती तीन-चार वेढे द्या. वरून किंचित सिलिकॉन ग्रीस. नट हातानं बसेल तेवढा बसवा, मग पान्यानं पाव वेढा. पाणी सुरू करून बघा. झिरपलं तर आणखी थोडा, एका वेळी पाव वेढ्याच्याही आत.

नट सैल करूनही स्पिंडल हललं नाही तर आटे. आता तोटीचं डोकं काढायचं. इथे एक चूक अशी होते की तोटी दुरुस्त होते आणि भिंत गळायला लागते. डोकं पान्यानं फिरवताना तोटीचं अंगही फिरायला बघतं. मागे भिंतीत जुनी जीआयची, म्हणजे लोखंडी लाइन असेल तर गंजलेला निपल (जोडाचा छोटा तुकडा) आतच मोडतो. सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची लाइन असेल तर एल्बोतलं (कोपऱ्याच्या जोडातलं) पितळी इन्सर्ट फिरतं. दोन्हींत टाइल फोडावी लागते. म्हणून एका हातात दुसरा पाना, त्याखाली फडकं, आणि त्यानं तोटीचं अंग धरून ठेवायचं. जोर दोन पान्यांच्या मध्ये राहिला पाहिजे, भिंतीपर्यंत जाता कामा नये. दुसरी गोष्ट, डोकं सोडण्याआधी स्पिंडल जमेल तेवढं उघडं करा. तोटी आवळून बंद असेल तर वायसर सीटवर रेटलेलं असतं आणि डोक्याच्या आट्यांवर उगाच ताण येतो. डोकं परत बसवतानाही हेच: स्पिंडल उघडं ठेवून बसवायचं.

डोकं बाहेर आलं की ग्लँड नट काढून स्पिंडल बंद करायच्या दिशेनं फिरवत न्या. बहुतेक तोट्यांत ते खालून बाहेर येतं. आता आटे नीट दिसतील. पांढरा चुना असेल, पितळाचा हिरवट थर असेल, किंवा काळपट चिकट घाण असेल, म्हणजे कधीकाळी लावलेलं ग्रीस. ॲसिडात टाकण्याआधी पितळाचा रंग बघून घ्या. पिवळ्या पितळावर गुलाबी-लालसर डाग असतील तर त्यातलं जस्त पाण्यानं ओढून नेलंय आणि उरलंय ते ठिसूळ, सच्छिद्र तांबं. पेचकसाच्या टोकानं खरवडा. खाली पिवळं लागलं तर ठीक, लालच लागत गेलं आणि भुगा पडला तर स्पिंडलवर वेळ घालवू नका. आधी बघायचं कारण असं की लिंबूसत्वातून काढल्यावर चांगलं पितळही वरवर गुलाबी दिसतं. ते ब्रशनं निघून जातं, पण माणूस घाबरतो.

लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं. एक ग्लास, म्हणजे साधारण २०० मिली कोमट पाण्यात २ चहाचे चमचे, सुमारे १० ग्रॅम. स्पिंडल आणि डोकं त्यात २० ते ३० मिनिटं. बुडबुडे येतील. ते थांबले आणि थर अजून असेल तर पाणी बदलून पुन्हा. रात्रभर ठेवायचं नाही, क्रोमचा मुलामा ॲसिडात मळकट होतो आणि एकदा गेला की येत नाही. पांढरं व्हिनेगर चालतं, फक्त वेळ जरा जास्त लागतो. टॉयलेट साफ करायचं ॲसिड मात्र तोटीच्या जवळही आणू नका. ते क्षारही खातं आणि मुलामाही, आणि खालचं पितळही सोडत नाही. रबराचे भाग ॲसिडात टाकायचे नाहीत, ते आधी काढून बाजूला. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, साध्या पाण्यानं धुवा, टूथब्रशनं आटे घासा आणि पूर्ण कोरडं करा. ओल्या आट्यांवर ग्रीस धरत नाही, नुसतं वर तरंगतं.

वंगणाबद्दल जरा सविस्तर, कारण दुरुस्ती इथेच बिघडते. घरात हाताशी असतं खोबरेल तेल, मशीनचं तेल आणि गाडीचं ग्रीस. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खालीही जातो, म्हणजे मे महिन्यात लावलेलं तेल थंडीच्या सकाळी आट्यांत मेणासारखं बसतं, आणि मधल्या काळात ते खवट होऊन चिकट झालेलं असतं ते वेगळंच. हिवाळ्यात घट्ट आणि उन्हाळ्यात सैल होणाऱ्या तोटीत बहुधा कुणीतरी आधी तेल सोडलेलं असतं. मशीनचं तेल आणि गाडीचं ग्रीस खनिज तेलापासूनचं. नैसर्गिक रबराच्या आणि ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या ओ-रिंगा त्यात फुगतात, मऊ पडतात, आणि फुगलेली ओ-रिंग तोटीला पहिल्यापेक्षा जास्त घट्ट करते. शिवाय ते पिण्याच्या पाण्यात जातं. गंज सोडवायचा स्प्रे बाहेरून अडकलेल्या नटासाठी ठीक आहे, आत वंगण म्हणून नाही.

पाहिजे ते सिलिकॉन ग्रीस, खाद्य दर्जाचं. हार्डवेअरच्या दुकानात ‘सिलिकॉन’ एवढंच म्हटलं तर दुकानदार सीलंटची नळी काढून देतो, खिडक्यांच्या कडा भरायची, व्हिनेगरसारखा वास येणारी. ती सुकून रबर होते. तोटीत भरली तर तोटी कायमची बंद. “भाऊ, आरओच्या हाउसिंगच्या ओ-रिंगला लावतात ते ग्रीस द्या,” असं सांगा, लगेच कळतं. आरओ फिल्टरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे त्याच्या छोट्या डब्या आणि नळ्या मिळतात. आट्यांवर मुगाच्या डाळीएवढं पुरतं. बोटानं सगळ्या आट्यांत पसरवा, स्पिंडल पूर्ण आत-बाहेर दोनदा फिरवा, बाहेर आलेलं पुसून घ्या.

स्पिंडल वाकलेलं नाही ना हे इथेच बघून घ्यायचं. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर घरंगळवा. डुगडुगलं तर वाकलंय. सरळ करायला जाऊ नका, वाकलेलं पितळ परत सरळ करताना तडकतं.

आता खाली वायसर. रबराचं वायसर कडक झालं, त्यात सीटची गोल खाच पडली, की पाणी थांबवायला जास्त आवळावं लागतं. म्हणजे बऱ्याच तोट्यांचं घट्ट होणं सुरू होतं ते या छोट्या वायसरपासून. खोललंच आहे तर ते बदला, चांगलं दिसत असलं तरी. अर्धा इंची, म्हणजे १५ मिमीच्या तोटीचं वायसर सगळीकडे मिळतं, पण जाडी आणि मधल्या भोकात फरक असतो, म्हणून जुनं सोबत न्या. मग तोटीच्या अंगात बोट घालून सीटची कड चाचपा. गुळगुळीत लागली पाहिजे. नखाला खाच लागली तर नवं वायसर त्या खाचेवर थोड्याच दिवसांत कापलं जाणार. प्लंबरकडे सीट घासायचं कटर असतं, दोन-चार वेढ्यांत काम होतं. घरच्या घरी कानशीनं करायचा प्रयत्न केला की सीट तिरकी होते.

बसवताना डोक्याखालचं फायबर वायसर विसरू नका. ते नसेल तर डोकं कितीही आवळा, कडेनं पाणी येतंच. सगळं लागलं की तोटी उघडी ठेवून टाकीचा व्हॉल्व हळूहळू सोडा. तोंडाला जाळी असेल तर ती आधी काढून ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात सुटलेला क्षार आणि गंज बाहेर पडतो, जाळी लावलेली असेल तर तिथेच अडकतो आणि मग दुरुस्तीनंतर धार बारीक झाली म्हणून नवी तक्रार.

सिरॅमिकच्या तोटीत वायसर नसतं. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकं जुळली की पाणी. ही तोटी आवळून काहीच मिळत नाही, ९० अंशांवर अटकाव लागला की संपलं. तरी लोक सवयीनं दाबतात आणि आतला अटकावाचा कोपरा मोडतो. चकत्यांमधलं ग्रीस धुऊन गेलं की दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्यावर जशा चिकटतात तशा त्या चिकटतात आणि दांडी जड होते. डोकं काढा, मोबाइलवर फोटो घ्या, मग भाग क्रमानं काढा. खालची रबरी रिंग, मग एक चकती, मग दुसरी. चकत्या उचकटायच्या नाहीत, एकमेकींवरून बाजूला सरकवायच्या. कडेला टवका उडाला की चकती गेली. लिंबूसत्वात १५-२० मिनिटं, धुऊन जुन्या मलमलच्या कापडानं पुसा. उजेडात तिरकी धरा: रेतीचा ओरखडा दिसला तर साफसफाईत अर्थ नाही, पूर्ण डोकं बदला. स्वच्छ असेल तर तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस, इतकं पातळ पसरवायचं की चकती नुसती चमकेल. परत बसवताना चकती पाव वेढा चुकली तर तोटी उलटी उघडते. पाणी थांबत नाही असं वाटतं, आणि माणूस चांगलं डोकं फेकून देतो. फोटो त्यासाठीच.

सिंगल लिव्हर मिक्सरमध्ये दांडी जड होण्याची कारणं दोनच. नुकताच बसवला असेल तर कार्ट्रिजवरचा रिंग नट जास्त आवळलाय. टोपी काढा, बहुधा २.५ मिमीची अ‍ॅलन की लागते, दांडी काढा, वरची घुमटाकार टोपी हातानं फिरवून काढा आणि नट थोडासा, वेढ्याच्या आठव्या भागाएवढा सैल करून बघा. जुना असेल तर कार्ट्रिजच गेलं. ते खोलून साफ करायचं प्रकरण नाही, बदलायचं असतं. ३५ आणि ४० मिमीची सर्वात जास्त चालतात. खालच्या बाजूचे दोन खुंट आणि रबरी रिंगांची मांडणी जुन्याशी जुळली पाहिजे, म्हणून मोजमाप सांगून मागवण्यापेक्षा जुनं खिशात टाकून न्या.

हेच पाव वेढ्याच्या डोक्यालाही लागू. दुकानात विचारलं जातं, “किती दात्याचं?” स्पिंडलच्या टोकावरचे दाते मोजा. २० आणि २४ ही नेहमीची. एक दाता चुकला तर जुनी मूठ बसत नाही, किंवा बसते आणि फिरते. आट्यांची लांबीही बघा. डोकं आखूड असेल तर मूठ कॉलरवर टेकते आणि नवं डोकंही पहिल्या दिवसापासून घासून घट्ट फिरतं. नागपूरच्या इतवारी बाजारात हार्डवेअरच्या गल्ल्यांत जुन्या मॉडेलांची डोकी सापडण्याची शक्यता जास्त, पण तिथे जायचं तर डोकं आणि मूठ दोन्ही घेऊनच जा आणि काउंटरवरच बसवून फिरवून बघा. पितळी स्पिंडलची नवी तोटीच घ्यायची असेल तर आयएसआयची खूण आणि आयएस ७८१ हा क्रमांक बघा, स्क्रूनं बंद होणाऱ्या पितळी तोट्यांचं भारतीय मानक तेच. आणि हातात घेऊन वजन करा. हलकी तोटी म्हणजे पातळ अंग.

घरात सांधे दुखणारं कुणी असेल तर तोटी चांगली असूनही गोल मूठ घट्टच वाटते. तिथे खोलण्यापेक्षा मूठ बदला. गोल मुठीवर हात मध्यापासून जेमतेम २ सेंटिमीटरवर असतो, ८ सेंटिमीटरच्या दांडीवर तेवढ्याच कामाला चौथाई जोर लागतो. दाते जुळले की पाच मिनिटांचं काम. फक्त जाम झालेल्या तोटीला लांब दांडी लावू नका, मग मोडायलाही चौथाईच जोर पुरतो.

पीटीएमटीच्या तोटीला गंज आणि हिरवट थराची भीती नाही, म्हणून गच्चीवर आणि बोअरच्या लाइनवर ती चालते. तिची मूठ घट्ट झाली तर कारण क्षार नाहीतर ऊन. मेमध्ये पारा ४५च्या वर जातो तेव्हा गच्चीवरचं प्लास्टिक तापतं, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहून ते ठिसूळ होत जातं. लिंबूसत्व चालतं, सिलिकॉन ग्रीस चालतं, लोखंडी पाना चालत नाही. हातानं जेवढं फिरेल तेवढंच. आटे प्लास्टिकचे असल्यानं तिरके बसले तर लगेच कापले जातात. बसवताना आधी उलट दिशेनं फिरवा, ‘टक’ असा हलका आवाज आला की आटा जागेवर पडलाय, तिथून सरळ फिरवा.

राहिली कूलरची तोटी. पाऊस लागला की कूलर झाकून ठेवला जातो आणि त्याच्या पाण्याची तोटी मार्चपर्यंत तशीच. सगळ्यात जास्त जाम होणारी तोटी हीच: आठ-नऊ महिने बंद, कोरडी, बाहेरच्या भिंतीवर. कूलर बंद करायच्या दिवशी ती फार आवळून ठेवू नका, पाणी थांबेल एवढंच. मग महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला म्हणा, पूर्ण उघडून पूर्ण बंद करायची, बादलीभर पाणी झाडांना. त्याच फेरीत अँगल कॉक आणि टाकीखालचा व्हॉल्वही एकदा पूर्ण फिरवून घ्या. गेट व्हॉल्व (चाकासारखी मूठ बरेच वेढे फिरवून उघडणारा) असेल तर शेवटपर्यंत उघडून पाव वेढा मागे घ्यायचा, टोकाला टेकवून ठेवला की तिथेच धरून बसतो.